लाल ओळींचा हिवाळा

दिवाळीचे आकाशकंदील अजून गॅलऱ्यांत लोंबत असतात, तेवढ्यात मेंढरं रस्त्यावर येतात. यंदाही आली. दौलताबादकडून शहरात येताना शरणापूरच्या अलीकडं बस थांबली आणि ड्रायव्हरनं हॉर्नवर तळहात ठेवला तो ठेवलाच. पुढं काळ्या-करड्या पाठीच पाठी. मधे घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड, पातेली, कांबळी, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या. माझ्या मागच्या सीटवरचा माणूस म्हणाला, "रस्ता काय यांच्या बापाचा आहे का?"

मी वळून म्हटलं, "व्हय, त्यांच्याच. तुमच्या बापानं गाडी घ्यायच्या आधीपासनं."

बसमधले सगळे वळून माझ्याकडं बघायला लागले. मांडीवर लॅपटॉपची बॅग, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आणि तोंड असं. लोकांना दोन्हीचा मेळ लागत नाही. मलाही लागत नाही. खिडकीतनं लोकरीचा, लेंड्यांचा, दुधाचा असा एकत्र वास आत आला. उन्हात वाळलेल्या कांबळ्याखाली तोंड घातल्यावर येतो तो. हा वास आला की माझा एक हिवाळा उघडतो. तसे त्यानंतर दोन-तीन हिवाळे होऊन गेले, पण ते नुसते गार होते.

त्या हिवाळ्यात मी पहाडसिंगपुऱ्यात एका खोलीत राहायचे. खोलीच्या मागं टेकडी, पुढं एका बाईचं पेरूचं दुकान. दुकान म्हणजे हातगाडी, पण ती दुकानच म्हणायची. सकाळी टेकडीची सावली खोलीवरनं उठेपर्यंत हात स्वेटरच्या बाहीत घालून मी डॉक्टरेटची पुस्तकं वाचत बसायचे. निर्णयाची साखळी, माहितीचा प्रवाह, वापरकर्त्याचं समाधान. शब्द असे की त्यांच्यात माणूस शोधायला दिवा घेऊन जावं. बाहेर पेरूवाली ओरडायची, "दौलताबादचा पेरू, साखरेचा पेरू!" आणि मला वाटायचं, ही बाई एका वाक्यात माल, गाव आणि चव सांगून मोकळी झाली. आणि इथं दोन पानं झाली तरी कळत नाही कोण कुणाला काय विकतंय.

मोर्च्यातनं डॉक्टरेटकडं कशी गेलीस, हे लोक अजून विचारतात. विचारताना आवाज असा, जणू मी घर सोडून पळाले. कारण साधं आहे. आम्ही निवेदन घेऊन कुठल्याही कचेरीत गेलो की साहेब निवेदन वाचायचाच नाही. कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडं वळवायचा आणि म्हणायचा, "तुम्ही म्हणता तसं इथं दिसत नाही." संपलं. आमच्या घोषणा बाहेर अंगणात, त्याचा पडदा आत टेबलावर. त्या पडद्यावर काय दिसायचं आणि काय नाही, हे ठरवतो कोण? ते मला शिकायचं होतं. त्या विद्येला व्यवस्थापन माहिती प्रणाली असं जडशीळ नाव आहे. वर्गात सगळे एमआयएस म्हणतात. खालून माहिती गोळा करायची, चाळायची, आणि वरच्या माणसाला एका नजरेत कळेल अशी मांडायची. मग वरचा माणूस ठरवतो. मला ती चाळणी हातात घेऊन बघायची होती. भोकं कुणी पाडलीत, केवढी पाडलीत.

म्हणून मी शहरातल्या एका खासगी कंपनीत लागले. कंपनी जनावरांच्या विम्यासाठी नोंदणीचं ॲप चालवायची. आणि नोकरी करत करता येते अशी व्यवसाय व्यवस्थापनाची डॉक्टरेट करायला घेतली. ही डॉक्टरेट ग्रंथालयात बसून होत नाही. आपण काम करतो तिथलाच एक खरा अडलेला प्रश्न घ्यायचा आणि त्यावर प्रबंध लिहायचा. शनिवार-रविवार वर्ग. संस्थेचं नाव इथं नको. माझं भांडण तिच्याशी नव्हतं, तिच्यातल्या एका शब्दाशी होतं. त्या शब्दाकडं येतेच.

वर्गातली माणसं वाईट नव्हती. वाळूजच्या कारखान्यातला एक मोठा साहेब, एका दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या बाई, बँकेतले एक जण. पहिल्या दिवशी सगळ्यांनी नाव आणि हुद्दा सांगितला. मी नाव सांगितलं आणि म्हटलं, "पत्रकं लिहिते." कारखानेवाले साहेब हसून म्हणाले, "म्हणजे मार्केटिंग." मी म्हटलं, "नाही, उलटं." त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारची खुर्ची बहुतेक रिकामी राहायची. कुणी मुद्दाम टाळत नव्हतं, हेच जास्त लागायचं. मुद्दाम टाळलं तर भांडता येतं. ते आपसांत मुलांच्या शाळांबद्दल, घरांच्या हप्त्यांबद्दल बोलायचे, आणि मी डबा उघडून खिडकीतनं बाहेरच्या कडुलिंबाकडं बघत खायचे. गार पडलेली भाजी, गार पडलेली पोळी. नोव्हेंबरातल्या दुपारी ऊन किती लवकर पिवळं होतं, हे मी त्या खिडकीत शिकले.

आणि आमचे मोर्च्यातले लोक? ते तर त्याहून लांब गेले होते. नसीमा माझी जुनी सोबतीण. शहागंजात तिच्या मामाचा छापखाना आहे, आमची सगळी पत्रकं तिथंच छापली गेली. मजकूर माझा, कागद निवडायची ती. त्या हिवाळ्यात एकदा तिच्याकडं गेले तर ती पत्रकांच्या घड्या घालत होती. मीही बसले घड्या घालायला. शाईचा ओला वास, यंत्राचा ठोका, शेजारच्या हॉटेलातनं नानखलियाचा रस्सा उकळल्याचा वास. सगळं जुनं, जागच्या जागी. फक्त मजकूर दुसऱ्या कुणीतरी लिहिला होता. वाचता वाचता मी एक वाक्य बदलायला पेन काढलं.

"रहने दे," नसीमा म्हणाली. "छप गया ना."

"वाक्य लांब झालंय."

"तू थी तो छोटे होते थे. अब तू उधर टायवाले लोगां में बैठती. कायकू जाती गं उधर? क्या मिलता तेरेकू?"

"त्यांची भाषा शिकायलेय."

"सीख. मगर आते वक्त अपनी लेके आना," ती म्हणाली, आणि घड्या घातलेला गठ्ठा माझ्या हातातनं काढून घेतला. रागानं नाही. पाहुणीला काम लावू नये म्हणून. ते रागापेक्षा वाईट होतं.

परत येताना शहागंजातनं औरंगपुऱ्यापर्यंत पायी आले. मला त्या दिवशी कळलं की पत्रकात मी कधीच 'मी' असं लिहिलं नव्हतं. पत्रकात 'आम्ही' असतो. आम्ही मागतो, आम्ही विचारतो, आम्ही रस्त्यावर उतरू. आणि प्रबंधात 'संशोधक' असतो. संशोधकाने निरीक्षण नोंदवले, संशोधकास असे आढळले. दोन्हीकडं मी नाही. एकीकडं गर्दीत गेले, दुसरीकडं परक्या बाईसारखी स्वतःबद्दल तिसऱ्यालाच सांगत बसले. पत्रकातल्या 'आम्ही'च्या शेजारी निदान माणसं होती. संशोधकाच्या शेजारी कुणी नसतं.

आता त्या ओळी.

ॲपमध्ये प्रत्येक कुटुंबाची एक ओळ असते. संशय आला की प्रणाली ती ओळ लाल करते. लाल ओळ म्हणजे पडताळणी होईपर्यंत नोंदणी अडली, विमा अडला. माझा प्रबंधाचा प्रश्नच हा होता की ओळी लाल का होतात. मी नकाशावर लाल ठिपके लावून बघितले तर ते देवगाव रंगारीच्या पट्ट्यात, खुलताबादच्या डोंगराखाली, जिथं जिथं मेंढरांचे वाडे पडतात तिथं एकाशेजारी एक. आणि सगळ्या लाल ओळींत मेंढरांचा आकडा एकच. एकशे एक. या कुटुंबाची एकशे एक, त्या कुटुंबाची एकशे एक, नदीपलीकडं एकशे एक. यंत्राला वाटलं, एका माणसानं एका जागी बसून सगळे फॉर्म खोटे भरलेत. ऑफिसात सगळे हसले. "कॉपी करायची तर जरा आकडे तरी बदलायचे," एक जण म्हणाला.

मी हसले नाही. कारण त्यांत एक ओळ माझ्या बापाची होती.

आम्ही धनगर. खुलताबादकडं आमचं गाव आहे, थोडं रान आहे, पण पाऊस संपून पिकं निघाली की दादा, वडलांना मी दादाच म्हणते, आणि आत्या मेंढरं घेऊन बाहेर पडतात. आमचा वाडा म्हणजे भिंतीदारांचा वाडा नव्हे; कुणाच्या तरी मोकळ्या रानात जाळी लावून मेंढरं बसवतात, शेजारी चूल मांडतात, तो मुक्काम. मेंढरं ज्याच्या रानात बसतात त्याच्या रानाला खत, आणि आमच्या पोटाला ज्वारी. त्या हिवाळ्यात वाडा देवगाव रंगारीच्या अलीकडं कापूस उपटून मोकळ्या केलेल्या एका शेतात होता. मी एसटीतनं उतरून बांधाबांधानं गेले. बाभळींच्या काट्यांना कापसाच्या गाड्यांनी सोडलेले पुंजके लटकले होते. तुरी पिवळ्या फुलांवर होत्या. आई गेल्यापासून वाड्याची मालकीण आत्याच. तिनं लांबूनच आरोळी ठोकली, "आली बघा डाक्टरीण! कालपसनं त्या कोकराचं नाक वाहायलंय, बघ जरा."

"आत्या, तसली डॉक्टर नाय मी."

"मंग कसली गं? माणसाला औषध नाय, जनावराला नाय. नुसतंच डाक्टर?"

दादा एका मेंढीचा खूर मांडीवर घेऊन काटा काढत बसले होते. मी शेजारी बसले. जरा वेळानं विचारलं, "दादा, मेंढरं किती आहेत म्हणून लिहू?"

"हाईत की."

"किती?"

"देवानं दिली तेवढी."

"दादा, मी विचारायलेय. मी. सरू."

दादांनी काटा काढला, बघितला, फेकला. "म्हून तर सांगत नाय. परका असता तर कायतरी आकडा फेकून दिला असता. तुला खोटं काहून सांगू?"

हे वाक्य माझ्या प्रबंधातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे, आणि ते प्रबंधात कुठंच बसत नाही.

आमच्यात मेंढरांची मोजदाद तोंडानं करत नाहीत. जमीन विचारा, पोरं विचारा, आजार विचारा, सगळं सांगतील. मेंढरं किती, हे विचारायचं नसतं आणि सांगायचं नसतं. तोंडातनं आकडा निघाला की नजर लागली. मला हे लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी मी पेन घेऊन बसले होते. आत्यानं चुलीपुढनंच सुनावलं, "तुज्या आज्यानं एका सायबाला मोजून दावली हुती. त्याच पावसात निम्मी बसली, ती उठलीच नाईत. ठावं हाय ना तुला?"

"आत्या, मी शास्त्र शिकायलेय."

"शीक की. कोण नाय म्हणतं? पर मेंढराला कळू देऊ नको."

दादा हसले. मी पण हसले. मग विचारलं, "अन् त्या ॲपवाल्या पोराला काय सांगितलंत?"

"लई मागं लागला. आकडा घातल्याबिगर म्होरचं पानच उघडंना म्हणला. त्याला बी घरी जायचं हुतं. मंग शुभ आकडा दिला. एकशे एक. वर्गणीला देतो तसा."

पुढचे पंधरा दिवस मी वाड्यावाड्यांतनं फिरले. सगळीकडं हेच. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, कुणी कट केला नव्हता. दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवू नये, म्हणून प्रत्येकानं आपापल्या मनानं शुभ आकडा दिला होता. देवाच्या पावतीवर घालतात तो, लग्नाच्या आहेरात घालतात तो. एवढ्या लोकांनी एवढ्या सभ्यपणानं दिलेल्या उत्तराला यंत्रानं लाल रंग फासला.

ते सगळं लिहून मी जहागीरदार सरांकडं गेले. सर माझे मार्गदर्शक. सज्जन माणूस, आवाज कधी वाढत नाही, विद्यार्थ्याला चहा विचारल्याशिवाय बोलायला सुरुवात करत नाहीत. त्यांनी प्रकरण वाचलं, चष्मा काढून ठेवला.

"मॅडम, फिरलात खूप. पण या लाल ओळी काढून टाका. अवैध आहेत. उरलेल्यांवर विश्लेषण करा, सुंदर निकाल येतो."

"सुंदर म्हणजे कसा, सर?"

"प्रणाली समाधानकारक काम करते, असा."

"ज्यांच्यावर करत नाही त्यांना काढून टाकल्यावर करणारच की."

 सरांनी पान उलटून एका वाक्याखाली पेन्सिलनं रेघ मारली. मी लिहिलं होतं: 'फॉर्म माणसाला खोटं बोलायला लावतो, आणि मग खोटं बोलला म्हणून त्यालाच बाहेर काढतो.'

"वाक्य चांगलं आहे," सर म्हणाले. "पण हे पत्रक झालं. कुणाच्या भिंतीवर लावायचं हे?"

अवैध. हाच तो शब्द. संख्याशास्त्राच्या पुस्तकात तो अगदी निरागस आहे. चुकीचं भरलेलं, अर्धवट सोडलेलं, वापरता न येणारं. पण मी तो ऐकला तेव्हा माझ्यापुढं दादा होते, मांडीवर मेंढीचा खूर घेऊन. माझ्या प्रबंधात राहायला माझा बाप अपात्र. आणि नुसता तो नाही, डोंगराखालचे सगळे. त्या ओळी काढल्या असत्या तर माझा प्रबंध म्हणजे ॲपला दिलेलं प्रमाणपत्र झाला असता. उद्या त्या वाड्यांवरचा कुणी निवेदन घेऊन गेला असता, तर साहेबानं पडदा वळवून माझंच नाव दाखवलं असतं. बघा, तुमच्याच बाईनं लिहिलंय, सगळं समाधानकारक आहे.

मी ओळी काढल्या नाहीत.

पौष लागला तेव्हा प्रगतीचं सादरीकरण होतं. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, बाहेरून बोलावलेले एक तज्ज्ञ. खोलीत एसी उगाचच चालू होता आणि मी शाल आणायला विसरले होते. मी लाल ओळींची स्लाइड पडद्यावर लावली तसे तज्ज्ञ हसले. "सगळ्यांची एकशे एक? आहेर आहे का हा?"

"व्हय, आहेरच आहे," मी म्हटलं. "तुमच्या प्रणालीला दिलेला. घ्यायची रीत प्रणालीला माहीत नव्हती."

 सभेत हे वाक्य टाकलं असतं तर टाळी पडली असती. इथं एसीचा आवाज तेवढा ऐकू आला. मोर्च्यात बोलताना वाक्य संपलं की ते कुणीतरी झेलतं. मागनं एक तरी आवाज येतो. त्या खोलीत माझं वाक्य टेबलावर पडलं आणि तिथंच राहिलं. तज्ज्ञांनी घड्याळ बघितलं. सरांनी मान खाली घातली. वर्गातल्या सोबत्यांपैकी दवाखान्याच्या बाई तेवढ्या माझ्याकडं बघत होत्या, पण त्यांनाही पुढं सादर करायचं होतं. निकाल आला: अवैध नोंदी वगळून पुन्हा सादर करावे.

बाहेर आले. आवारात उन्हाला काही धार नव्हती. कुणाला फोन करावा, हे सुचेना. नसीमाला काय सांगायचं, की नमुन्यातनं ओळी वगळायला सांगितल्या? ती म्हणाली असती, चल, मोर्चा निकालते. दादांना काय सांगायचं, की तुम्हाला वगळायला सांगितलं? ते म्हणाले असते, बरं. जो प्रश्न माझा जीव खात होता तो ज्यांना कळला असता त्यांना पटत नव्हता, आणि ज्यांचा होता त्यांना सांगायला माझ्याकडं शब्द नव्हते. अशा वेळी माणूस काय करतं? मी पेरू घेतला. मीठ-तिखट लावून उभ्या उभ्या खाल्ला. दात शिवशिवले. एवढंच आठवतं.

त्यानंतर पुष्कळ दिवस काही घडलं नाही, आणि न घडण्याचाच तो काळ होता. मी प्रकरण पुन्हा पाठवायचे, ओळी ठेवूनच. ते परत यायचं, त्याच शेऱ्यानं. उन्हाळे गेले, पाऊस गेले. कंपनीला मी लिहून कळवलं की मेंढरांच्या आकड्याची चौकट रिकामी सोडता आली पाहिजे. उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीत बघू. वर्गातले एकेक जण डॉक्टर झाले, पेढे वाटून गेले. कारखानेवाले साहेब पेढा देताना म्हणाले, "मॅडम, एवढ्या थोड्या ओळींसाठी? काढा आणि मोकळ्या व्हा." त्यांना खरंच माझं बरं व्हावं असं वाटत होतं. मी पेढा खाल्ला.

यंदा गणपतीच्या सुमारास सरांचा फोन आला. भेटायला या. गेले, तर चहा न विचारताच सर बोलायला लागले.

"परवा आईला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मुलं किती? आई म्हणाली, चार."

"मग?"

"आम्ही पाच आहोत. पाचवा शेजारी उभा होता. मी." सर जरा हसले. "जन्मभर ती असंच सांगत आली. एक कमी. नजर लागू नये म्हणून. आम्हाला त्याचं काही वाटलंच नाही कधी. पण परवा त्या बाईंनी कॉम्प्युटरवर चार असं घातलं, आणि मला तुमचं प्रकरण आठवलं."

"तुम्ही दुरुस्त केलंत?"

"नाही केलं," सर म्हणाले. "आईसमोर कसं करणार?" मग खिडकीकडं बघत म्हणाले, "ठेवा त्या ओळी. वेगळा गट करा, त्याला नीट नाव द्या. समितीशी मी बोलतो."

मी नाव दिलं: 'प्रश्नाला नकार'. उत्तरदाता चुकला नाही, अपुरा नाही. त्यानं प्रश्नाला नकार दिला, सभ्यपणानं दिला. समितीनं मान्य केलं. प्रकरण पास झालं. त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण त्याच्या पोटात राग होता, तो मी इथं लपवत नाही. माझ्या बापाचं गप्प बसणं वैध ठरायला सरांच्या आईचं गप्प बसणं लागलं. ज्यांच्या घरातली आई अशा टेबलांपर्यंत पोचत नाही, त्यांच्या लाल ओळींचं काय? पण सरांना हे बोलले नाही. पत्रकात लिहिलं असतं. समोर बसून आईबद्दल सांगणाऱ्या माणसाला नाही बोलता आलं.

परवा वाड्यावर गेले. यंदाही देवगाव रंगारीच्याच बाजूला, दुसऱ्या रानात. ऊन कलतं झालं होतं. आत्यानं चहा टाकला, मेंढीच्या दुधाचा, दाट. मी सांगितलं की झालं, तुम्ही सगळे राहिलात प्रबंधात, कुणी काढू शकलं नाही.

"लई झ्याक झालं," दादा म्हणाले. "मंग त्यात आमचं नाव आलं का?"

"नाव नसतं, दादा. लपवायचं असतं, तुम्हाला कुणी त्रास देऊ नये म्हणून. प्रत्येकाला एक नंबर असतो."

"नंबर?" आत्या चहा गाळता गाळता थांबली. "अगं, मेंढरांची बी आमी नावं ठेवतो. ती बघ चांदी. ती मोरी. ती कान पाडून उभी हाय ती गौळण. अन् तू बापाला नंबर दिला व्हय?"

"नियम आहे, आत्या."

"असंल बाई. नियमाला कुठं बाप असतो."

दादा हसत होते. त्यांना वाईट वाटलं नव्हतं, खरंच नव्हतं. उलट मजा वाटत होती. त्यांनी बशी खाली ठेवली आणि लेकराच्या शाळेतला नंबर विचारावा तसं विचारलं, "कितवा मंग माजा?"

मला माहीत होता. मीच दिला होता. सकाळ-संध्याकाळ त्या तक्त्यावर नजर फिरून तो मला स्वतःच्या फोन नंबरासारखा पाठ झाला होता. जिभेवर आला.

"ध्यानात नाय, दादा," मी म्हटलं.

"असू दे," ते म्हणाले, आणि जाळी लावायला उठले.

मेंढरं ओढ्याकडनं येत होती. दादांनी जाळीचं एक टोक मला धरायला दिलं आणि ते लांब गेले. मधे जाळीचं तोंड उघडं. मेंढरं माझ्या गुडघ्यांना घासत आत जायला लागली, एकामागं एक, मग दोन-दोन, मग घोळक्यानं. धूळ, गरम श्वास, लोकर. मी नुसती उभी होते. आणि माझ्या लक्षात आलं की माझे डोळे आपोआप चालायला लागलेत. एकेक पाठ आत गेली की आत कुठंतरी एकेक आकडा पुढं सरकत होता. मी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं पडद्यापुढं बसून डोळ्यांना ती सवय लागली होती.

मी जाळीचं टोक हातात तसंच ठेवलं आणि तोंड फिरवून रस्त्याकडं बघत राहिले. तिकडं काहीच नव्हतं. एक ट्रॅक्टर, आणि लांबवर डोंगर. पाठीमागं मेंढरं आत जात राहिली.

"काय गं, तिकडं तोंड करून उभी?" आत्यानं विचारलं. "थंडी वाजायली का?"

मी म्हटलं, "व्हय."